बहिष्कार, बाप्तिस्मा आणि मराठी गद्य

बार्शी म्हटले की भगवंताचे मंदिर आठवते, ज्वारीची आणि गळिताच्या धान्याची बाजारपेठ आठवते. रेल्वेचा नाद असलेल्यांना १८९७ साली कुर्डुवाडीहून या गावापर्यंत धावू लागलेली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे आठवते. सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य कडेला, निजामाच्या मुलखाला अगदी खेटून वसलेले हे व्यापारी गाव अमेरिकन मराठी मिशनच्या ठाण्यांपैकी एक होते, हे मात्र मराठीच्या अभ्यासकाला सहसा ठाऊक नसते. मुंबई, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), वडाळा, राहुरी, शिरूर, सातारा, वाई, सोलापूर आणि बार्शी अशी ती मालिका. या मालिकेतली अहमदनगर आणि राहुरी ही नावे आपल्याला ओळखीची वाटतात ती धर्मेतिहासामुळे नव्हे. 'स्मृतिचित्रे' वाचताना ती आपल्या कानावरून गेलेली असतात.

याच ठिकाणी आमच्या मनात एक शंका उभी राहते. मराठीच्या अभ्यासक्रमात 'यमुनापर्यटन' असते, 'स्मृतिचित्रे' असते, रेव्हरंड टिळकांच्या फुलांवरच्या आणि मुलांवरच्या कविता असतात. परंतु ती शिकवताना आपण सगळे मिळून एक सोयीची गोष्ट करतो. फळाची साल काढावी तसा त्यांच्यावरचा धर्म सोलून काढतो आणि उरलेला गर 'साहित्य' म्हणून वर्गात वाटतो. बाबा पदमनजी आद्य कादंबरीकार ठरतात, लक्ष्मीबाई प्रांजळ आत्मचरित्रकार ठरतात, टिळक फुलामुलांचे कवी ठरतात. या माणसांनी आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याचा हट्ट धरला, त्या हट्टापायी घर गमावले, पंगत गमावली, काहींनी तर मिशनचा पगारही सोडला, ही हकीकत प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदात आटोपते. आमचे म्हणणे असे की ही साल फेकण्यासारखी नाही. या लेखकांचे गद्य जसे घडले तसे घडण्याचे कारण तिच्यातच आहे. त्यांच्या श्रद्धेशी वाचकाने सहमत व्हावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. आम्हाला रस आहे तो त्यांच्या चिकाटीत, आणि त्या चिकाटीने मराठीला काय करायला भाग पाडले यात.

पहिला विरोध धर्माचा नव्हता, सरकारचा होता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला त्यांची धास्ती वाटली. रयतेच्या धर्मात कोणी ढवळाढवळ केली तर व्यापाराला आणि राज्याला धोका, हा कंपनीचा जुना हिशोब होता. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चाललेले. दोघांना देश सोडण्याचा हुकूम झाला, त्यांनी अर्जांवर अर्ज केले, मध्येच कोचीनपर्यंत पळ काढला, परत आणले गेले. अखेर त्याच वर्षीच्या सनदेने कंपनीचे धोरण सैल झाले आणि ते राहिले. ख्रिस्ती धर्म इंग्रज सरकारच्या पालखीत बसून आला, असे आपण सहज म्हणून जातो. महाराष्ट्रापुरती तरी सुरुवात अशी झाली नव्हती. हॉल पुढे तेरा वर्षे या मुलखात वावरला आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पटकीने रस्त्यातच वारला. ज्या नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर त्याने वर्षानुवर्षे काम केले, ते पुरे छापून झाले ते त्याच वर्षी. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसे बोटांवर मोजावीत इतकी. अशा हिशोबावर कोणी पेढी चालवली असती तर पहिल्या दिवाळीलाच दिवाळे निघाले असते.

सरकारचा विरोध ओसरला आणि शास्त्र्यांचा सुरू झाला. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने हा विरोध फार उपकारक ठरला, असे आम्ही म्हणू. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिले, त्याला जॉन विल्सनने पुढच्याच वर्षी उत्तर छापले. दांडेकर तेवढ्यावर थांबले नाहीत. १८४४ साली त्यांनी 'उपदेशचंद्रिका' हे मासिकच काढले. अहमदनगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला होताच. पुढे १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटण्याच्या सुमारास, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद करीत होते आणि माणसे गर्दी करून ऐकत होती. त्यांच्यासमोर होता जॉर्ज बोवेन. मिशनचा पगार सोडून मुंबईच्या बाजारवस्तीत जवळजवळ बैराग्यासारखा राहणारा हा अमेरिकन गृहस्थ. दोन्ही बाजूंनी ते वाद छापून निघाले. हे ग्रंथ आज कोणी धर्मनिर्णयासाठी वाचणार नाही, वाचूही नये. पण प्रश्न टाकणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडणे, मग त्यातले एकेक कलम खोडणे, ऐकणारा सामान्य माणूस आहे हे धरून दाखले घरगुती देणे, ही मराठी निबंधाची सगळी शिस्त आपण चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पासून मोजतो, ती त्याआधी पाव शतक या किनाऱ्यावर तालीम करीत होती. चिपळूणकरांनी मिशनऱ्यांच्या मराठीची यथेच्छ टवाळी केली आणि पुष्कळदा ती रास्तही होती. तरी ज्या आखाड्यात ते उतरले तो आखाडा दोन्ही पक्षांनी मिळून खणलेला होता.

ग्रंथांतल्या वादाने कोणाचे घर मोडत नाही. घर मोडते ते वेगळ्या ठिकाणी. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेने मिशनच्या घरी राहायला गेला, तेव्हा बापाने कोर्ट गाठले आणि मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. खरे नाट्य पुढेच आहे. मिशनऱ्यांच्या घरी अन्न खाल्लेल्या या पोराला जातीत परत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू धरली, आणि सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. म्हणजे जो बाहेर गेला त्याला शिक्षा, जो परत आला त्यालाही शिक्षा, आणि ज्याने दार उघडून धरले त्याला तर सर्वांत मोठी. बहिष्कार हे हत्यार असे दुधारी होते. ते धर्म सोडणाऱ्यावर चाले, त्याहून जास्त ते उंबऱ्याच्या आतल्यांना धाकात ठेवण्यासाठी चाले.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी १८९० सालचे पुण्याचे पंचहौद मिशनमधले चहाप्रकरण आठवावे. मिशनने बोलावलेल्या सभेत चहा आणि बिस्किटे आली. काहींनी ती घेतली, काहींनी केवळ हात लावला. रानडे होते, टिळकही होते. त्यावरून ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि वर्षभराहून अधिक काळ पुण्यात दुसरा विषय नव्हता. शेवटी दोघांनाही प्रायश्चित्त चुकले नाही. एका पेल्याची ही किंमत, तर बाप्तिस्म्याची काय असेल याचा हिशोब वाचकाने करावा.

कायदा मध्येमध्ये हात देत होता. धर्मांतर केले म्हणून वारसा बुडू नये यासाठी १८५० सालचा कायदा झाला. जोडीदार धर्मांतरामुळे नांदत नसेल तर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने केली. कागदावर हे मोठे संरक्षण होते. पण आडावर पाणी भरू देणे, न्हाव्याने येणे, मेलेल्याला खांदा देणे, मुलीला मागणी येणे यांतले काहीच कोर्टाच्या हुकुमाने होत नाही. आणि बाबा पदमनजींसारख्या माणसाला तर हा सगळा भोग डोळ्यांसमोर दिसत असूनच पाऊल टाकायचे होते. १८३१ साली बेळगावात कासार घराण्यात जन्म, मिशन शाळेतले शिक्षण, मुंबईत परमहंस सभेत वावर, आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा, हा क्रम सांगायला दोन ओळी लागतात. 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात त्याला कितीतरी पाने लागली आहेत, कारण पदमनजींना निर्णयापेक्षा निर्णयापूर्वीचे घोळ सांगायचे आहेत. आपण भ्यालो, टाळाटाळ केली, आतून पटलेले बाहेर बोलायला धजलो नाही, असे एक प्रौढ माणूस मराठीत छापून सांगतो आहे. आत्मपरीक्षणाचे हे गद्य मराठीत तोवर फारसे नव्हते. संतांच्या अभंगांत होते, पण तिथे ऐकणारा देव होता. इथे ऐकणारा कोणीही वाचक आहे, आणि तो बहुधा विरोधी पक्षातला आहे. पदमनजी सावधपणे, पुराव्यानिशी, हेत्वारोपाला जागा न ठेवता लिहितात. त्यांच्या 'यमुनापर्यटना'तही (१८५७) हीच सावधगिरी आहे. विधवांची दुःखे ते एकामागून एक साक्षीदार उभे करावेत तशी उभी करतात. कादंबरी म्हणून हा दोष आहे खरा. तो दोष कुठून आला हे मात्र वादविवादाचा काळ वगळून कळत नाही.

आता टिळकांकडे यावे. नारायण वामन टिळकांची हकीकत इतकी परिचित आहे की ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. रेल्वेच्या डब्यात भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने दिलेला नवा करार, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. आम्हाला थांबावेसे वाटते ते पुढच्या पाच वर्षांपाशी. लक्ष्मीबाई बरोबर गेल्या नाहीत. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात, म्हणजे याच सोलापूर जिल्ह्यात. १८६६ च्या कायद्याचा मार्ग टिळकांना मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. थांबले. पत्रे लिहीत राहिले, भांडत राहिले, भेटत राहिले. टिळक स्वभावाने तापट आणि उतावळे, हे लक्ष्मीबाईंनीच रंगवून सांगितले आहे. अशा माणसाने या एका बाबतीत धरलेला धीर आम्हाला त्याच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा वाटतो. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्याही आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवून. बाप्तिस्मा पुढे १९०० साली राहुरीस झाला. आणि त्यांच्या बाबतीत आधी गेली ती जात, धर्म मागून आला. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न एकदा मनात आला आणि त्याचे उत्तर मिळाले, तेव्हा सोवळे आपोआप गळून पडले. मिशनऱ्यांच्या पुस्तकांत हा क्रम सहसा असा नसतो. तिथे माणूस आधी तारणाऱ्याला ओळखतो आणि मग जात टाकतो. लक्ष्मीबाईंनी जे झाले तेच लिहिले, आणि ज्यांना ते अडचणीचे वाटले असेल त्यांची फिकीर केली नाही. 'स्मृतिचित्रे'चा जो मोकळेपणा आपण वर्गात वाखाणतो तो यातून येतो. दोन्ही समाजांची मान्यता एकदा गमावून बसलेल्या बाईला कोणाची मर्जी राखायची उरली नव्हती.

विरोध एकाच बाजूने होता, असे समजणे चुकीचे ठरेल. टिळकांना मिशनशीही झगडावे लागले. परदेशी पोशाखातला, परदेशी चालीवरचा ख्रिस्त महाराष्ट्राच्या गळी उतरणार नाही, असे ते सांगत राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, हे त्यांचे सांगणे प्रसिद्धच आहे. अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात त्यांनी जी भक्तिगीते रचली ती आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे काम पाहत होते. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारा 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी ते गेले. पंडिता रमाबाईंची कहाणी या बाबतीत आणखी तीव्र आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर लगेच त्यांनी आपल्याच गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. चर्चची मते चर्च म्हणते म्हणून मानणार नाही, पटली तर मानीन, हा त्यांचा पवित्रा होता. इकडे पुण्यात १८९३ साली शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी नेल्या. पालकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. संस्था निधर्मी राहील या भरवशावर मुली पाठवल्या होत्या, आणि रमाबाईंना आपली श्रद्धा झाकून ठेवणे जमत नव्हते. दोन्ही बाजूंना आपापले खरे होते. रमाबाई केडगावला गेल्या, दुष्काळातल्या शेकडो बायकामुलींसाठी मुक्तिसदन उभारले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढले. हेही एक धर्मांतरच म्हणायचे.

इथवर आलेली सर्व नावे शिकल्यासवरल्यांची आहेत. बहुतेक ब्राह्मण, आणि म्हणूनच त्यांची चरित्रे लिहिली गेली. अहमदनगर-सोलापूर भागातला ख्रिस्ती समाज मात्र त्यांच्यामागून आलेला नाही. तो मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतून आला, मिशनच्या गावशाळेतल्या मास्तरांच्या हातून. वर उल्लेखलेला नारायण शेषाद्री स्वतः पुढे मुंबई सोडून जालन्याकडे निजामाच्या मुलखात गेला आणि मांगांमध्ये काम करून 'बेथेल' नावाचे गाव वसवले. धर्मासाठी घर सोडलेल्या ब्राह्मणाने उरलेले आयुष्य कुठे घालवले, हे पदमनजी-टिळकांच्या चर्चेत विसरले जाते. बार्शीसारख्या ठाण्याचे महत्त्व हेच. इथले काम ग्रंथांचे नव्हते. ठाण्याभोवतीच्या खेड्यांत महारवाड्यातल्या एखाद्या पडवीत शाळा चालवायची, दिवसा मुलांना बाराखडी शिकवायची, रात्री कंदिलाच्या उजेडात शुभवर्तमान सांगायचे, आणि पगार गोऱ्या साहेबाच्या पगारापुढे नगण्य. या मास्तराला होणारा विरोध शास्त्रार्थाचा नसे. गावकीच्या वतनाची कामे करणारा माणूस बाटला तर मेलेले ढोर कोण ओढणार, सांगावा घेऊन कोण धावणार, हा त्या विरोधाचा गाभा होता. पोर शिकले तर वेठीला मिळणार नाही, हे पाटलाला मिशनऱ्यापेक्षा आधी कळले होते.

त्यावर नेहमीचा आक्षेप असा की ही माणसे दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाली. १८७६-७७ च्या आणि नंतर १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला, आणि त्या वर्षांत बाप्तिस्मे वाढले, हे खरे आहे. पण आक्षेप घेणारे एक विसरतात. धान्य घ्यायला आलेला माणूस सुकाळ आल्यावर परत गेला असता तर त्याला कोणी अडवले नसते. पुष्कळ जण गेलेही. जे राहिले त्यांनी दुष्काळ संपल्यानंतर बहिष्कार सोसला, आणि भाकरीच्या आशेने तेवढे कोणी सोसत नाही. शिवाय भुकेल्या माणसाला अन्न देणाऱ्याविषयी आपलेपणा वाटला, तर त्यात लाज कुणी बाळगायची हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या बाजूने पाहिले तर चर्चमध्ये येऊनही जात पुरती सुटली नाही. पूर्वाश्रमीचे महार आणि मांग यांच्यातला दुरावा बेटीव्यवहारात टिकून राहिला. स्वतंत्र भारतात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांना मिळाल्या नाहीत. त्या मास्तरांच्या पणतवंडांपुढे धर्म टिकवण्याची किंमत आजही फॉर्मवरच्या एका रकान्याच्या रूपाने उभी असते. कित्येक घरांत रविवारचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव दुसरे असते. त्याला दांभिकपणा म्हणणाऱ्यांनी चहाप्रकरणातल्या थोरांची प्रायश्चित्ते एकदा आठवावीत.

या मास्तरांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. मग मराठीत त्यांचे काय उरले? आमच्या मते उत्तर शोधायचे तर कादंबरीत आणि निबंधात शोधू नये, कीर्तनात शोधावे. अहमदनगरच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदे, हातात चिपळ्या, सगळा साज हरिदासांचा, आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा चांगल्या शोमरोन्याचे. प्रवचन ऐकायला वेशीत कोणी उभा राहत नसे. कीर्तनाला, निदान पहिली घटकाभर, माणसे बसत. दगड मारायचे की ताल धरायचा हे ठरवायलाही आख्यान थोडे पुढे जावे लागते. पंढरीच्या वाटेवरच्या या मुलखात, जिथे पोरासोरांच्या कानात अभंग आधी आणि बाराखडी मागून पडते, तिथे विरोधातून वाट काढण्याचा दुसरा मार्ग नव्हता. टिळकांनी हीच गोष्ट वीस-तीस वर्षांनंतर प्रतिभेने केली आणि ती वाङ्मयाच्या इतिहासात नोंदली गेली. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय ओवीत लिहून ते पुरे केले. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ छापून आला १९३८ साली. मराठीच्या किती वर्गांत आज तो उघडला जातो, ते आम्ही शिक्षकमंडळींनी एकमेकांना विचारावे.